अकारविल्हे गोचिडी

ताईच्या गोठ्यात अकरा गाई आहेत आणि त्यांच्या अंगावरच्या गोचिडी मोजणं हे माझं काम आहे. दुसरं काही मला जमेल असं कुणाला वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं नाही. छत्तीस वर्षं मी ग्रंथालयात काढली. धार काढायला बसलो की गाय मान वळवून माझ्याकडे बघते आणि मीच ओशाळतो. शेण ओढायचं फावडं मी दोनदा हातात घेतलं. दुसऱ्या खेपेला ताईने ते काढून घेतलं आणि म्हणाली, "तू बस रे बाबा. तुझ्यामागून मला सगळं पुन्हा ओढावं लागतं."

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, म्हणजे एकोणसत्तर. दाजी, म्हणजे तिचे यजमान, एकाहत्तर. निवृत्त झाल्यावर मी पुस्तकांची चार खोकी घेऊन त्यांच्याकडे राहायला आलो, आणि त्यानंतर काही महिन्यांनी पाहुणी आली. पाहुणी ही तपकिरी रंगाची, पापण्या लांब असलेली गाय. दाजींच्या बहिणीने गुडघ्यांच्या दुखण्यामुळे आपला गोठा बंद केला, तेव्हा तिची ही शेवटची गाय तिने आमच्याकडे पाठवली. दाजी त्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "यंदा घरात दोन पाहुणे आले. त्यातली एक दूध देते."

मी हसलो. दाजींचा विनोद मला लागत नाही. तो बहुतेक वेळा खरा असतो.

मोजणीचं काम डॉक्टरांनी दिलं होतं. डॉक्टर म्हणजे जनावरांच्या दवाखान्यातल्या तरुण बाई, कमरेला टॉर्च लावून फिरणाऱ्या. गोचिडी फार झाल्यात, फवारा मारला तरी पंधरा दिवसांत परत येतात, अशी तक्रार ताईने केली तेव्हा त्या म्हणाल्या, "किती झाल्यात ते आधी कळायला हवं. दर रविवारी प्रत्येक गाईची एकच बाजू मोजायची. कान, मानेखालची लोंबती पोळी, कास, शेपटीचं मूळ. मसुरीपेक्षा मोठी असेल तीच धरायची आणि आलेला आकडा दुप्पट करायचा. कोण करेल हे?"

ताईने आणि दाजींनी एकाच वेळी माझ्याकडे बघितलं.

"काका, जमेल?"

"बघतो," मी म्हणालो. मला नाही म्हणता येत नाही. आणि मोजणं व लिहून ठेवणं, या दोन गोष्टी तरी मला येतात असा माझा समज होता.

एक जाड वही आणली. पट्टीने रकाने आखले. गाईंची नावं लिहिताना हात आपोआप चालला: अबोली, काजळी, घारी, चांदणी, ढवळी, तांबू, आणि मग पाहुणी आल्यावर तिच्यासाठी जागा करून पुढे बाहुली, मोरी, सावळी, हरणी. अकारविल्हे. छत्तीस वर्षांची सवय आहे ती. यादी अकारविल्हे लागली की माझ्या जिवाला बरं वाटतं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी मोजायलाही त्याच क्रमाने जायचो. गोठ्यात गाई दोन रांगांत उभ्या असतात. सहा जणी दगडी भिंतीकडे तोंड करून, पाच जणी समोरच्या बाजूला, जिथे भिंत नाही, नुसते लोखंडी पाइप आहेत आणि वारा खेळतो. अबोली भिंतीकडे, म्हणून आधी तिकडे. काजळी पाइपांकडे, म्हणून गव्हाणीला वळसा घालून इकडे. घारी तिच्याजवळच, पण चांदणी पुन्हा भिंतीकडे. असा मी रविवारी सकाळी वही आणि चष्मा सांभाळत या टोकाहून त्या टोकाला हेलपाटे घालायचो. शेणावरून दोनदा घसरलो. दाजी दारात उभे राहून बघायचे.

"अगं, तुझा भाऊ बघ. याला गाई मोजायला सांगितल्या की गोठा?"

"मोजू द्या हो. आकडा आल्याशी मतलब."

आकडे येत होते. वाईट येत होते. पण त्यांतून काय निघतं ते मला कळत नव्हतं. अबोली अडतीस, काजळी सहा, घारी चार, चांदणी चव्वेचाळीस, ढवळी दोन, तांबू चाळीस. वाटायचं, कातडीचा गुण असेल. नाहीतर माझंच मोजणं चुकत असेल. दुसरी शक्यता मला जास्त पटायची.

पाहुणी येऊन बारा दिवस झाले होते तेव्हा मोरी आजारी पडली. तिने वैरणीला तोंड लावलं नाही. ताईने मोरीचे तापलेले कान चाचपले आणि तिचा चेहरा उतरला. डॉक्टर आल्या, एकशे सहा ताप निघाला. खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजलेली. कानाच्या कडेला सुई टोचून त्यांनी काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेतला, दवाखान्यात जाऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला आणि तासाभरात इंजेक्शन घेऊन परत आल्या.

"थायलेरिया," त्या म्हणाल्या. "गोचिडीतून येतो. तांबड्या पेशींत जंतू शिरतात. वेळेवर कळलंय, उठेल ती. पण बाकीच्यांना जपा." मग बॅग बंद करता करता त्यांनी विचारलं, "मध्यंतरी बाहेरून नवीन जनावर आणलंय का?"

तेवढं पुरलं. ताईने सावकाश मान वळवली आणि समोरच्या रांगेत शांतपणे रवंथ करत असलेल्या पाहुणीकडे बघितलं, आणि मग दाजींकडे.

"तुमच्या बहिणीकडून आलीय ना?"

"हे बघ, माझ्या बहिणीचा गोठा आरशासारखा असायचा."

"आरसा होता म्हणून तर बंद केला असेल!"

"गुडघ्यांमुळे बंद केला!"

डॉक्टर काहीतरी सांगू बघत होत्या, पण त्यांचा फोन वाजला. कुणाची तरी म्हैस अडली होती. "बोलू आपण," म्हणत त्या स्कूटरवर बसल्याही.

तीन दिवसांनी हरणीला ताप आला. त्यानंतर दोन दिवसांनी चांदणीला. मोरी अजून उभी राहत नव्हती. ताई तिच्याजवळ बसून बादलीतलं पाणी ओंजळीने तिच्या तोंडाला लावत होती. एरवी अखंड बोलणारी बाई, पण त्या दिवसांत ती गाईंशी फक्त कुजबुजायची आणि आमच्याशी तेही नाही. मोरी तिच्या हातावर जन्मलेली. मंगळवारी जेवताना तिने एकदम सांगून टाकलं, "गाडीवाल्याला सांगितलंय. गुरुवारी सकाळी नऊला येईल. पाहुणीला बाजारात पाठवायची. जो नेईल तो नेईल."

दाजींनी हातातला घास खाली ठेवला. "मी बहिणीला काय सांगू?"

"सांगा, तुझ्या गायीने आमच्या तीन झोपवल्या."

"मी नाही सांगणार. तू सांग."

"माझी नणंद आहे का ती? म्हणजे आहे. पण तुमची बहीण आधी!"

दाजी उठले आणि भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. मन दुखलं की ते तिथेच जातात. गोठ्याची ती दगडी भिंत त्यांनी तिशीत असताना स्वतःच्या हातांनी रचली होती. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड बसवलेला. त्यांनी आयुष्यात तीन भिंती बांधल्या. दोन पडल्या. ही उभी आहे. घरी कुणीही आलं, अगदी विजेचं मीटर बघायला आलेला माणूस असला तरी, त्याला दाजी भिंतीपाशी नेतात, तिच्यावर थाप मारतात आणि म्हणतात, "एक थेंब चुना नाही!"

मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अस्वस्थ होतो. पाहुणी उद्या जाणार. गुन्हा तिचाच असेल, तर जाणंच बरोबर होतं. पण तिच्या अंगावरच्या गोचिडी मी तीन रविवार मोजल्या होत्या, आणि तिन्ही वेळा दुप्पट करून सहाच. सहा गोचिडी घेऊन आलेली गाय एवढा कहर कसा करेल? अर्थात मी डॉक्टर नाही. मला विचारलंय कुणी? हे सगळं मी मनातल्या मनात बोललो, म्हणजे ते कुणालाच कळलं नाही.

मन थाऱ्यावर नसलं की मी कार्डं लिहितो. ग्रंथालयातून निवृत्त होताना कोऱ्या कार्डांचा एक गठ्ठा त्यांनी मला दिला होता, कारण संगणक आल्यापासून ती कुणाला नकोच होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मी अकरा कार्डं लिहिली. वर गाईचं नाव, खाली शेवटच्या रविवारचा आकडा. ताप आलेल्या तिघींच्या कोपऱ्यात लाल शाईचा ठिपका. मग ती ओळीने मांडली, अर्थातच अकारविल्हे, आणि बघत बसलो. नेहमीसारखंच काही दिसलं नाही.

ताई चहाचा ट्रे घेऊन आली. मागोमाग दाजी, तोंड फुगवलेले.

"आता टेबलावर पत्ते मांडलेस का? उचल. कप कुठे ठेवू?"

"पत्ते नाहीत. गाई आहेत."

"गाई?" तिने ट्रे ओट्यावर ठेवला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि वाकून बघितलं. दोनच क्षणांत तिच्या कपाळाला आठी पडली. "हे कसं मांडलंयस? मोरीच्या शेजारी सावळी? शिंग मारेल ती! मोरीशेजारी हरणी असते."

"ते अकारविल्हे..."

"काय विल्हे लावायची ती नंतर लाव. असं बघवत नाही मला." आणि ती कार्डं उचलून भराभर हलवू लागली. बाईच्या हाताला इतकी सवय की विचारही करावा लागत नव्हता. "अबोली कोपऱ्यात. मग बाहुली, मग तांबू. चांदणी. मोरी. हरणी. आणि ह्या इकडे. काजळी, घारी, ढवळी. सावळी लांब ठेवायची, ती भांडकुदळ आहे. आणि ही..." पाहुणीचं कार्ड तिने जरा वेळ हातात धरलं आणि घारी-ढवळीच्या मध्ये टाकल्यासारखं टाकलं. "ही इथे. उद्यापर्यंत."

टेबलावर गोठा उभा राहिला होता. वर सहा, खाली पाच. आणि मी आकडे वाचले.

वरच्या ओळीत अडतीस, छत्तीस, चाळीस, चव्वेचाळीस, बावन्न, सेहेचाळीस. खालच्या ओळीत सहा, चार, सहा, दोन, आठ. लाल ठिपके तिन्हीच्या तिन्ही वर, एकमेकांना चिकटून.

इतके रविवार मी हे मोजत होतो आणि दर खेपेला सगळं पिसून, एकमेकांत मिसळून वहीत नीटनेटकं भरत होतो. लपवायचंच ठरवलं असतं तरी इतकं चांगलं जमलं नसतं.

आणि वरची ओळ कशाकडे तोंड करून उभी असते, ते मला माहीत होतं. दाजी माझ्या समोर बसून चहा फुंकत होते.

मी घसा खाकरला. मग पुन्हा खाकरला.

"खोकल्याचं औषध देऊ का?" ताई म्हणाली.

"ताई, आकडे बघ. वरचे आणि खालचे."

तिने बघितले. ओठ हलवत वाचले. मग एक बोट वरच्या ओळीवरून फिरवलं, एक खालच्या. आणि माझ्याकडे न बघता दाजींकडे बघितलं.

"काय?" दाजी म्हणाले.

ताईने भुवई उडवून मला खूण केली, म्हणजे तूच बोल. लहानपणीही ती असंच करायची. काच तिच्या चेंडूने फुटायची आणि सांगायला मी.

"दाजी," मी म्हणालो, "माझं चुकत असेल. बहुतेक चुकतच असेल. पण पाहुणीचं काही नसावं. पाहुणी खालच्या रांगेत आहे. तिच्या शेजारणींना काही झालेलं नाही. सगळ्या गोचिडी वरच्या रांगेत आहेत. म्हणजे त्या... त्या बाजूने येत असाव्यात."

"कुठल्या बाजूने?"

"भिंतीच्या."

चहाचा कप बशीवर ठेवल्याचा आवाज झाला.

"माझ्या भिंतीच्या?"

"भिंतीचा दोष नाही, दाजी. भिंत उत्तम आहे. पण चुना नसल्यामुळे फटी..."

"शालकबुवा, ती भिंत तेहेतीस वर्षं उभी आहे."

"हो."

"गोचिडी काय दगड खातात?"

माझी ताकद संपली होती. ताईने फोन उचलून डॉक्टरांना लावला आणि त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असं केलं. तिकडे कुत्रं भुंकत होतं.

"भिंतीत राहतात का हो गोचिडी?"

"राहतात म्हणजे काय!" डॉक्टर ओरडल्या. "पोट भरलं की अंगावरून खाली पडतात, भिंतीच्या फटीत जाऊन अंडी घालतात. एकेक हजारो घालते. पिल्लं तिथेच दबा धरून बसतात. म्हणूनच तर नुसता गाईंवर फवारा मारून उपयोग होत नाही. तुमच्याकडे फटींची भिंत आहे?"

ताईने दाजींकडे बघितलं. "आहे एक."

"आणि त्या नव्या गाईचं मला त्या दिवशीच सांगायचं होतं," डॉक्टर पुढे म्हणाल्या. "ती येऊन किती दिवस झाले होते, बारा? आजारी जनावराचं रक्त प्यायलेली गोचीड आधी कात टाकते, मग दुसऱ्याला चावते, मग ताप चढायला आणखी दिवस लागतात. बारा दिवसांत एवढं सगळं बसत नाही. हे जंतू तुमच्या जुन्याच एखाद्या गाईच्या रक्तात असणार, तिला स्वतःला काही न होता. अगं, आवर त्याला, चावेल मला!" हे शेवटचं कुत्र्याच्या मालकिणीला होतं. फोन बंद झाला.

आता दाजींची जी अवस्था झाली ती मी कधी विसरणार नाही. एका बाजूला बहीण, दुसऱ्या बाजूला भिंत. बहीण सुटली तर भिंत अडकते. भिंत वाचवावी तर बहिणीची गाय उद्या नऊ वाजता बाजारात. ते उठले, बसले, पुन्हा उठले. मग ताईच्या विणकामाच्या टोपलीतली एक लांब सुई ओढून घेऊन गोठ्याकडे निघाले. आम्ही मागे.

मोरीच्या गव्हाणीसमोर ते गुडघ्यावर बसले. दोन दगडांमधल्या फटीत सुई घातली आणि हळूच बाहेर ओढली. माती आली, कोळ्याचं जाळं आलं. "बघा," ते म्हणाले, "काही नाही." पुन्हा खोलवर घातली, वळवली, ओढली. टपटप करून चार टपोऱ्या, राखाडी गोचिडी त्यांच्या पायाशी पडल्या, एरंडाच्या बियांसारख्या. पाचवी सुईलाच चिकटून आली, आणि तिच्याबरोबर तपकिरी, चमकदार अंड्यांचा लहानसा गोळा.

दाजींनी त्याच्याकडे खूप वेळ बघितलं. मग दुसरी फट. मग तिसरी. त्यांना मोजायची सवय नाही, पण मी मोजत होतो. सातव्या फटीला मीही थांबलो.

"तेहेतीस वर्षं," दाजी खालच्या आवाजात म्हणाले, "मी लोकांना हिच्यावर थाप मारायला लावली."

ताईला हसू आवरेना. तिने पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. मला भीती वाटली की दाजी चिडतील. त्यांनी वळून आमच्याकडे बघितलं, मिशी थरथरली, आणि ते इतक्या मोठ्याने हसले की खालच्या रांगेतली सावळी दचकली.

"त्या विजेच्या मीटरवाल्याने तर गालसुद्धा लावला होता!" ते म्हणाले, आणि आम्ही तिघंही गव्हाणीला धरून हसलो. आठ दिवसांत त्या गोठ्यात कुणी हसलं नव्हतं. मोरीने मान उचलून बघितलं.

त्याच संध्याकाळी आम्ही वरच्या रांगेतल्या पाच गाई आवारातल्या झाडाखाली नेऊन बांधल्या, आणि उठू न शकणाऱ्या मोरीला शेजाऱ्यांच्या मदतीने ताडपत्रीवरून ओढत तिथे नेलं. मला चांदणीची दोरी दिली होती. खरं तर ती आजारी असूनही तिनेच मला नेलं.

गुरुवारी नऊला गाडीवाला आला. मागचं फळकूट पाडून तो म्हणाला, "कुठली न्यायचीय?"

"गाय नाही," ताई म्हणाली. "सिमेंट आण. आणि वाळू. गाडी रिकामी कशाला नेतोस?"

दाजींनी गिलावा स्वतःच केला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. त्याआधी डॉक्टरांनी येऊन प्रत्येक फटीत औषधाचा फवारा मारला. दगड दिसेनासे होताना दाजी मधूनच थांबायचे, एखाद्या दगडावर हात ठेवायचे, आणि मग थापी मारायचे. मी घमेली देत होतो. एक सांडलं. त्यांनी मला काही म्हटलं नाही. उलट म्हणाले, "शालकबुवा, तुझी ती कार्डं जपून ठेव," आणि मला वाटलं ते थट्टा करतायत. नंतर विचार करता वाटलं, नसतीलही करत.

हरणी आणि चांदणीचा ताप उतरला. मोरी शनिवारी सकाळी उभी राहिली, पाय फाकवून, थोडी डुलत, आणि ताईच्या हातातली सगळी वैरण संपवून तिने तिचा पदर चघळायला घेतला. ताई पदर सोडवत नव्हती.

त्या दुपारी दाजींनी बहिणीला फोन लावला. ओसरीत खुर्चीवर बसून, अगदी मोठ्या आवाजात. मी वहीतलं नवं पान आखत होतो. दोन ओळी, वर सहा, खाली पाच.

"हो गं, उत्तम आहे तुझी गाय. इथेच राहणार. कोण म्हणालं आजार तिने आणला? छे! डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, तिचा काडीचा संबंध नाही... हं? मग कशामुळे आला?" ते थांबले. त्यांनी घराकडे बघितलं, गोठ्याकडे बघितलं. "ते जरा तांत्रिक आहे. तुला नाही कळायचं."

"भिंतीचं सांगा!" आतून ताई ओरडली.

"काही नाही गं, भांडी पडली," दाजी फोनमध्ये म्हणाले.

"भिंतीचं सांगा म्हणते ना!"

दाजींनी माझ्याकडे बघितलं, अगदी अगतिक होऊन. मग मला काय झालं कोण जाणे, मी उठलो आणि हात पुढे केला. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी आयुष्यात कुणाच्या बहिणीशी फोनवर स्वतःहून बोललो नव्हतो.

"नमस्कार," मी म्हणालो. "मी इथला दुसरा पाहुणा बोलतोय. चूक माझी होती. मी यादी अकारविल्हे लावली होती."

तिकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "मला काही कळलं नाही हो. पण सावकाश सांगा. मला वेळ आहे."

दाजींनी मला त्यांची खुर्ची दिली.